चौतीस सेकंदांचा वाद

८ ऑक्टोबर २०२३ ला शिकागोत केनियाच्या केल्विन किप्टमने २:००:३५ या वेळेत मॅरेथॉन संपवली. त्याच्या वर्षभर आधी, २५ सप्टेंबर २०२२ ला, त्याच्याच देशाच्या एलिउड किपचोगेने बर्लिनमध्ये २:०१:०९ ची वेळ दिली होती. फरक चौतीस सेकंदांचा. दोघं एकाच रस्त्यावर असते, तर किप्टम फीत छातीवर घेत असताना किपचोगे साधारण दोनशे मीटर मागे दिसला असता. पण ते दोघं एका शर्यतीत कधी उतरलेच नाहीत आणि आता उतरणारही नाहीत. ११ फेब्रुवारी २०२४ च्या रात्री किप्टम आणि त्याचे प्रशिक्षक जर्वे हाकिझिमाना मोटार अपघातात गेले. किप्टम चोवीस वर्षांचा होता.

तेव्हापासून पळणाऱ्यांच्या गप्पांत हा विषय निघाला नाही असं सहसा होत नाही. दोघंही आपापल्या सर्वोत्तम दिवशी, एका रेषेवर उभे आहेत. कोण जिंकेल? मग त्यात इथिओपियाचा केनेनिसा बेकेले येतो, त्याच्यामागून त्याच देशाचा हायले गेब्रसेलासी येतो, आणि शेवटी कुणीतरी अबेबे बिकिलाचे अनवाणी पाय काढतोच.

हा काथ्याकूट मला फुकटचा वाटत नाही. माझी तक्रार तो घालण्याच्या पद्धतीबद्दल आहे. बहुतेक जण प्रत्येकाची सर्वांत वेगवान वेळ उचलतात, एकाखाली एक लिहितात, वजाबाकी करतात आणि मोकळे होतात. सर्वोत्तम वेळ म्हणजेच सर्वोत्तम दिवस, हे न बोलता गृहीत धरलेलं असतं. मला ते साफ चुकीचं वाटतं. वेळ ही त्या धावपटूइतकीच त्या शहराची, त्या सकाळच्या हवेची, वेग धरून देण्यासाठी पुढे पळणाऱ्या पेसर लोकांची आणि पायातल्या बुटांचीही असते. धावपटूचा स्वतःचा म्हणता येईल असा दिवस शोधायचा, तर त्याच रस्त्यावर, त्याच हवेत त्याच्याबरोबर निघालेल्यांचं त्याने काय केलं, हे आधी बघावं लागतं. घड्याळाकडे त्यानंतर.

आधी हा वेग म्हणजे काय ते सांगतो, कारण आकड्यांच्या भांडणात तो विसरला जातो. २:००:३५ म्हणजे ताशी एकवीस किलोमीटर. जिममधल्या बऱ्याच ट्रेडमिलचा वेग वीसपाशीच संपतो. मैदानावर मोजायचं तर चारशे मीटरची एक फेरी साडेअडुसष्ट सेकंदांत, आणि अशा एकशेपाच फेऱ्या, वर थोडं अंतर. हौशी पळणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना यातली एक फेरीसुद्धा जमत नाही. मलाही जमत नाही. एकदा जोरात निघालो होतो, तीनशे मीटरवर छातीचा भाता झाला आणि उरलेलं अंतर चालत पुरं केलं. त्यामुळे पुढे मी कुणाला डावं-उजवं ठरवलं, तर ते बाहेर उभं राहून केलेलं आहे, एवढं कबूल.

आता त्या चौतीस सेकंदांचं बघू. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये व्हिएन्नात किपचोगे १:५९:४० मध्ये पळाला, हे सगळ्यांना पाठ आहे. तो विक्रम धरला गेला नाही, हेही पाठ आहे. एकेचाळीस पेसर आळीपाळीने आत-बाहेर येत होते, पुढच्या गाडीतून रस्त्यावर लेझरच्या रेषा पडत होत्या, पाणी सायकलवरून हातात मिळत होतं, आणि प्राटर बागेतल्या सरळसोट झाडीच्या रस्त्यावर वारा जवळपास लागतच नव्हता. हाच माणूस तीन वर्षांनी बर्लिनमध्ये आपली सर्वांत वेगवान अधिकृत शर्यत पळाला, ती २:०१:०९. दोन्हींत एकोणनव्वद सेकंदांचा फरक. वय वेगळं, दिवस वेगळा, हे मान्य. त्यामुळे हे सगळेच्या सगळे सेकंद व्यवस्थेच्या खात्यावर टाकता येणार नाहीत. पण अंदाज येतो. नुसत्या मांडणीने मिनिटभर इकडचं तिकडे होत असेल, तर दोन वेगळ्या शहरांतल्या, दोन वेगळ्या वर्षांतल्या वेळांमधल्या चौतीस सेकंदांवर आपण एवढा जीव का टाकतो?

बर्लिनचं तर विचारूच नका. २००३ ते २०२२ या काळात पुरुषांचा विश्वविक्रम आठ वेळा मोडला आणि आठही वेळा तो बर्लिनमध्येच मोडला: टर्गट, दोनदा गेब्रसेलासी, मकाऊ, किपसांग, किमेट्टो, दोनदा किपचोगे. सपाट रस्ता, सप्टेंबरअखेरची थंड सकाळ आणि विक्रमासाठीच बांधलेली पेसरची फळी. या आठांपैकी कुणाचंही कर्तृत्व त्यामुळे कमी होत नाही. पण जगातला सर्वोत्तम दिवस दर खेपेला एकाच शहरात उगवत असेल, तर त्या दिवसात शहराचा वाटा आहे, हे मान्य करायला नको का?

याच्या उलट बाजूला केनियाचा जेफ्री मुताई उभा आहे. २०११ मध्ये बॉस्टनला तो २:०३:०२ मध्ये पळाला. तोवर माणूस त्याहून वेगाने मॅरेथॉन पळालेला नव्हता. पण बॉस्टनचा रस्ता एका गावातून निघून दुसऱ्या शहरात संपतो आणि एकूण सुमारे एकशेचाळीस मीटर खाली उतरतो. विक्रमासाठी नियम असा की सुरुवात आणि शेवट यांतलं सरळ अंतर शर्यतीच्या निम्म्याहून जास्त नको आणि उतार किलोमीटरमागे एक मीटरपेक्षा जास्त नको. बॉस्टन दोन्हींत नापास. त्यात त्या दिवशी वारा पाठीमागून होता. साहजिकच मुताईच्या वेळेला लोकांनी वाऱ्याची वेळ म्हणून बाजूला टाकलं. शिवाय मोझेस मोसोप त्याच्या फक्त चार सेकंद मागे होता, म्हणजे वाऱ्याने दोघांनाही ढकललं, असा युक्तिवाद.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुताई न्यूयॉर्कला गेला. तिथे पाच पूल आहेत, चढ आहेत, आणि वेळेसाठी तिथे कुणी जात नाही. तो २:०५:०६ मध्ये पळाला. हा आकडा ऐकून कुणी खुर्चीतून उठणार नाही. पण न्यूयॉर्कच्या रस्त्यावर त्याहून वेगाने पळायला पुढची बारा वर्षं कुणाला जमलं नाही. २०२३ मध्ये टामिरात टोलाने तो मोडला, तोही आठ सेकंदांनी. मुताईचा सर्वोत्तम दिवस मला विचाराल तर न्यूयॉर्कचा. आणि त्याच्या वेळांच्या यादीत तो दिवस खाली कुठेतरी पडलेला आहे.

बुटांचा विषय टाळता येत नाही, पण मी तो लवकर उरकणार आहे, कारण त्यावर लोक वकिलासारखे बोलतात. २०१७ नंतर कार्बन प्लेट आणि हलक्या, उसळत्या फोमचे बूट आले. प्रयोगशाळेत ऊर्जेचा खर्च सुमारे चार टक्क्यांनी कमी दिसला. वेळेतली बचत त्यापेक्षा कमी असते आणि ती माणसागणिक बदलते: कुणाला भरपूर फायदा, कुणाला जेमतेम. २०२० मध्ये जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने तळव्याची जाडी चाळीस मिलिमीटरवर आणि प्लेटची संख्या एकावर आणून ठेवली. म्हणून गेब्रसेलासीच्या २००८ च्या २:०३:५९ मधून बुटांसाठी ठरावीक सेकंद वजा करून त्याला किप्टमशेजारी उभा करणारे लोक भेटले, की मी विषय बदलतो. कुणाच्या पायाला बुटाने किती दिलं असतं, हे तो पाय त्या बुटात घातल्याशिवाय कळत नाही. बिकिला १९६० मध्ये रोमला अनवाणी पळाला, २:१५:१६. चार वर्षांनी टोकियोत बूट घालून, अपेंडिक्सचं ऑपरेशन होऊन सहा आठवडेही नीट झाले नसताना, २:१२:११. या हिशेबाने बुटाची किंमत तीन मिनिटं आणि ऑपरेशनची काहीच नाही, असं म्हणायचं का?

आता ज्या दोन दिवसांमुळे माझं मत बनलं, त्यांच्याकडे येतो. दोन्ही २००८ चे, पाच आठवड्यांच्या अंतराने.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये बीजिंगला ऑलिंपिक होतं. मॅरेथॉनचा विश्वविक्रम तेव्हा गेब्रसेलासीच्या नावावर होता. त्याला दमा आहे. बीजिंगच्या प्रदूषित हवेत बेचाळीस किलोमीटर नको, म्हणून त्याने तिथली मॅरेथॉन सोडली आणि दहा हजार मीटर पळून सहावा आला. मॅरेथॉन झाली ती २४ ऑगस्टला. ऑगस्टमधली बीजिंग म्हणजे ऊन आणि दमट हवा. ऑलिंपिकमध्ये पेसर नसतात. अशा शर्यतीत शहाणी माणसं काय करतात हे ठरलेलं आहे: पहिले तीस किलोमीटर कळपात राहायचं, पाणी प्यायचं, दुसऱ्याला वारा खाऊ द्यायचा आणि शेवटी काय ते बघायचं. त्यामुळे ऑलिंपिकच्या वेळा संथ असतात. १९८४ पासूनचा ऑलिंपिक विक्रम कार्लोस लोपेसच्या २:०९:२१ चा होता आणि चोवीस वर्षं त्याला कुणी धक्का लावला नव्हता.

केनियाचा सॅम्युएल वांजिरू एकवीस वर्षांचा होता, आयुष्यातली तिसरी मॅरेथॉन पळत होता. त्याने पहिल्यापासूनच असा वेग धरला की जणू ही ऑक्टोबरमधली थंड सकाळ आहे आणि पुढे पेसरची रांग आहे. तो थोडा वेळ रेटायचा, थोडा सोडायचा, पुन्हा रेटायचा. मागच्यांना लय सापडूच द्यायची नाही, हा त्याचा डाव. उन्हात असं पळणं म्हणजे आत्मघात, हे तेव्हा कुठल्याही प्रशिक्षकाने सांगितलं असतं. एक-एक जण गळत गेला. कांस्यपदक मिळवणारा त्सेगाय केबेडे २:१०:०० मध्ये आला, म्हणजे जवळपास साडेतीन मिनिटं मागे. वांजिरूची वेळ २:०६:३२. लोपेसच्या विक्रमाला त्याने जवळजवळ तीन मिनिटांची कात्री लावली, आणि ती अशा हवेत जिच्यात विश्वविक्रमवीराने पळायला नकार दिला होता.

पाच आठवड्यांनी, २८ सप्टेंबरला, गेब्रसेलासी बर्लिनमध्ये उतरला. थंड हवा, सपाट रस्ता, पेसर. २:०३:५९. माणूस पहिल्यांदा दोन तास चार मिनिटांच्या आत आला.

या दोघांतला मोठा दिवस कुणाचा? आकडा बघितला तर अडीच मिनिटांनी गेब्रसेलासीचा. मी वांजिरूचा म्हणतो, आणि त्यात भावनेचा भाग थोडा आहे, नाही असं नाही. २०११ मध्ये वांजिरू चोविसाव्या वर्षीच गेला. पण कारण भावनेचं नाही. गेब्रसेलासीचा त्या दिवशी खरा सामना घड्याळाशी होता आणि त्या सामन्यासाठी सगळी परिस्थिती त्याच्या बाजूने उभी केली होती. वांजिरूच्या विरुद्ध ऊन होतं, धावणाऱ्यांचा कळप होता आणि मॅरेथॉन कशी पळावी याबद्दलचं सगळं शहाणपण होतं. त्याने तिघांनाही एका सकाळी मोडलं. बीजिंगनंतर मोठ्या स्पर्धांत सावध कळपाऐवजी सुरुवातीपासून रेटण्याची हिंमत बाकीच्यांनाही येऊ लागली. एका माणसाच्या दिवसाने खेळाची रीत बदलणं मला मिनिटांपेक्षा वजनदार वाटतं.

इथे समोरचा माणूस म्हणणार: हे सगळं काव्य आहे. रस्ता, हवा, कळप हे सगळं बदलतं. घड्याळ बदलत नाही. दोन काळांत, दोन देशांत पळणाऱ्यांना जोडणारा पूल वेळेशिवाय दुसरा कुठला आहे? आक्षेप बिनतोड आहे आणि मी त्याला बगल देणार नाही. समोरासमोरच्या लढती फार कमी होतात, कारण वरच्या दर्जाचा धावपटू वर्षाला दोन मॅरेथॉन पळतो आणि कुठल्या शहरात कुणाला बोलवायचं हे आयोजक ठरवतात. बरं, लढत झाली तरी प्रश्न सुटतोच असं नाही. एप्रिल २००२ मध्ये लंडनला खालिद खन्नूशी, पॉल टर्गट आणि गेब्रसेलासी एकत्र आले. तिघंही तयारीत होते, तिघंही पळाले, कुणी लंगडत बाजूला झाला नाही. खन्नूशी २:०५:३८ चा विश्वविक्रम करून जिंकला, टर्गट दहा सेकंद मागे, गेब्रसेलासी सत्तावन्न. म्हणजे वाद संपायला हवा होता. पुढच्याच वर्षी टर्गट २:०४:५५ मध्ये पळाला, आणि गेब्रसेलासी कुठवर गेला ते वर आलंच आहे. मग लंडनचा तो दिवस तिघांचाही सर्वोत्तम होता का? खन्नूशीचा नक्की होता. त्या एका निकालावरून मी तिघांची कायमची क्रमवारी लावणार नाही.

तेव्हा माझा तोडगा असा: घड्याळ ठेवा, पण त्याच्याबरोबर दुसऱ्या क्रमांकावर कोण होतं आणि तो किती मागे होता, हेही लिहा. पॉला रॅडक्लिफचं उदाहरण घ्या. एप्रिल २००३, लंडन, २:१५:२५. दुसरी आलेली कॅथरीन न्डेरेबा साडेचार मिनिटं मागे होती. न्डेरेबा म्हणजे कुणी सोम्यागोम्या नव्हे; दीडच वर्षापूर्वी विश्वविक्रम तिच्या नावावर होता आणि त्या दिवशीही ती २:१९:५५ मध्ये, म्हणजे उत्तमच पळाली. विश्वविक्रम केलेली बाई चांगल्या दिवशी पळते आणि तरी जवळपास दीड किलोमीटर मागे पडते. रॅडक्लिफबरोबर पुरुष पेसर होते, हे खरं, आणि त्यावरून पुढे मोठं वादळ झालं. महिलांच्या स्वतंत्र शर्यतींचा विक्रम वेगळा लिहिला जाऊ लागला. तरीही तिची वेळ सोळा वर्षं टिकली आणि मोडली ती कार्बन प्लेटच्या बुटांच्या जमान्यात, ब्रिजिड कॉसगेकडून. २०२३ मध्ये टिगस्ट असेफा बर्लिनला २:११:५३ मध्ये पळाली, दुसरीपेक्षा सहा मिनिटांना चारच सेकंद कमी अंतराने पुढे. असेफाची वेळ रॅडक्लिफपेक्षा साडेतीन मिनिटांनी सरस आहे. दोघींच्या दिवसांत तेवढा फरक मला दिसत नाही. मी तरी दोन्ही दिवस शेजारीशेजारी ठेवीन, आणि न्डेरेबामुळे कदाचित रॅडक्लिफचा अर्धा बोट वर.

आणि हीच असेफा पुढच्या वर्षी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये नेदरलँड्सच्या सिफान हसनसमोर आली. कागदावर असेफा जवळपास दोन मिनिटांनी वेगवान होती. शिवाय हसनने त्याच स्पर्धेत पाच हजार आणि दहा हजार मीटर पळून दोन कांस्यपदकं घेतली होती. दहा हजारची अंतिम शर्यत तर दोनच दिवसांपूर्वी संध्याकाळी झाली होती. शेवटच्या वळणावर दोघी इतक्या जवळ होत्या की कोपराला कोपर लागलं. हसन आतल्या बाजूने घुसली आणि तीन सेकंदांनी जिंकली. २:२२:५५ आणि २:२२:५८. कागदावरचे ते दोन मिनिटांचे फरक तेव्हा कुठे गेले होते?

वेळांच्या यादीबद्दल अजून एक अडचण आहे, तिच्यावर जास्त लिहायची इच्छा नाही. २०२४ मध्ये शिकागोला रूथ चेपनगेटिच २:०९:५६ मध्ये पळाली आणि महिलांपैकी पहिल्यांदा कुणी दोन तास दहा मिनिटांच्या आत आलं. साधारण वर्षभराने तिच्यावर उत्तेजकांच्या चाचणीवरून बंदी आली, तीन वर्षांची. नमुना २०२५ च्या मार्चमधला असल्याने शिकागोची वेळ विक्रमांच्या पुस्तकात राहिली. घड्याळ बदलत नाही म्हणणाऱ्यांनी या ओळीपुढे काय लिहायचं ते ठरवावं.

मग किप्टम आणि किपचोगे. इतकं सगळं बोलून मी उत्तर टाळलं तर तो पळपुटेपणा होईल.

आधी एक गोष्ट, जी या वादात कुणी फारशी काढत नाही. बर्लिन २०२२ ही किपचोगेची सतरावी अधिकृत मॅरेथॉन होती. किप्टम एकूण तीन पळाला: डिसेंबर २०२२ मध्ये व्हॅलेन्सिया २:०१:५३, एप्रिल २०२३ मध्ये लंडन २:०१:२५ आणि मग शिकागो. सतरा वेळा फासे टाकणाऱ्याच्या हाती मोठं दान पडण्याची संधी जास्त असते. तीनच वेळा टाकून त्याहून मोठं दान आणणाऱ्याचा सर्वोत्तम दिवस आपण बहुधा बघितलेलाच नाही. तो एप्रिल २०२४ मध्ये रॉटरडॅमला पळणार होता. पण हाच हिशेब उलटाही वाचता येतो. हाकिझिमाना सांगायचे की हा मुलगा आठवड्याला अडीचशे किलोमीटरच्या वर पळतो, आणि अशाने तो फार वर्षं टिकणार नाही ही काळजीही त्यांनी बोलून दाखवली होती. पुढच्या वर्षांतून उसने घेतलेले सेकंद शिकागोत खर्च झाले असतीलही.

आता किपचोगेचा सर्वोत्तम दिवस कुठला? लोक २:०१:०९ म्हणतात. मी २४ सप्टेंबर २०१७ म्हणतो. बर्लिनच, पण पावसात भिजलेलं. किपचोगे, बेकेले आणि विल्सन किपसांग तिघंही रेषेवर होते, आणि चर्चा फक्त विश्वविक्रमाची होती. रस्ता ओला, हवा दमट, विक्रमाची आशा हळूहळू मावळली. बेकेले शर्यत सोडून बाहेर गेला. किपसांगही गेला. उरला गुये अडोला, इथिओपियाचा, आयुष्यातली पहिलीच मॅरेथॉन पळणारा, आणि तो काही मागे हटेना. उलट शेवटच्या टप्प्यात तोच पुढे निघाला. त्याच्या पाठीकडे बघत किपचोगे काही किलोमीटर नुसता पळत राहिला. चेहऱ्यावर ना घाई, ना चिडचिड. चाळिसाव्या किलोमीटरच्या आसपास तो पुन्हा शेजारी आला आणि निघून गेला. २:०३:३२. अडोला चौदा सेकंद मागे. त्या वेळेने किपचोगेच्या कुठल्याही यादीत मानाची जागा मिळवलेली नाही. पण हरत चाललेली शर्यत परत ओढून आणायची किमया त्याने तिथे दाखवली, बर्लिन २०२२ मध्ये तिची गरजच पडली नाही. तिथे दुसरा आलेला मार्क कोरिर जवळपास पाच मिनिटं मागे होता.

किप्टमचं सामर्थ्य दुसऱ्या प्रकारचं. त्याच्या तिन्ही शर्यतींत दुसरा अर्धा भाग पहिल्यापेक्षा वेगवान आहे. लंडनला दुसरा अर्धा ५९:४५, शिकागोला ५९:४७. शिकागोत डॅनियल मातेइको तीस किलोमीटरपर्यंत त्याच्या खांद्याला खांदा लावून होता. तिथून पुढचे पाच किलोमीटर किप्टमने १३:५१ मध्ये काढले. जिथे बाकीच्यांच्या मांड्या दगड होतात, तिथे. मातेइको पुढे शर्यत पुरीच करू शकला नाही. दुसरा आला बेन्सन किप्रुटो, साडेतीन मिनिटांच्या किंचित आत. अंतर किपचोगेच्या बर्लिनपेक्षा कमी, पण किप्रुटो पुढच्याच वर्षी टोकियोत २:०२:१६ मध्ये पळाला आणि ऑलिंपिकचं कांस्यपदक घेऊन आला. मागे पडलेला माणूस भारी होता.

थंड सकाळ, सपाट रस्ता, पंचविसाव्या किलोमीटरपर्यंत पेसर: मी किप्टमवर पैज लावीन. कारण किपचोगे २०२२ सारखा ५९:५१ मध्ये अर्धं अंतर संपवायला निघाला, तर त्याचा दुसरा अर्धा ६१:१८ चा झाला होता, आणि किप्टम नेमका तिथेच उठतो. पेसर काढा, पाऊस आणा, डावपेच येऊ द्या, शेजारी तीन-चार तगडे सोडा, आणि माझे पैसे किपचोगेकडे. ऊन वाढलं तर दोघांनाही सोडून वांजिरू. बेकेलेचं काय, असं विचाराल, तर २०१९ मध्ये बर्लिनला तीस किलोमीटरनंतर इथिओपियाच्याच बिरहानू लेगेसेने त्याला मागे सोडलं होतं, टीव्हीवरच्या समालोचनात त्याचा विषय संपला होता, आणि त्यानंतर तो परत येऊन जिंकला. विश्वविक्रम दोन सेकंदांनी, म्हणजे अकरा-बारा मीटरने हुकला. मधला तो खड्डा पडला नसता तर? हा माणूस माझ्या हिशेबात बसत नाही. कुठल्याही हवेत त्याला गृहीत धरू नये आणि कुठल्याही हवेत मोडीत काढू नये.

पॅरिस ऑलिंपिकसाठी केनियाने काढलेल्या प्राथमिक यादीत किपचोगे आणि किप्टम दोघांची नावं होती. रस्ता व्हर्सायकडे चढत जाणारा, पेसर नाहीत, ऑगस्टची सकाळ. या दोघांसाठी याहून सरळ परीक्षा मांडता आली नसती. १० ऑगस्ट २०२४ ला रेषेवर त्यांच्यातला एकटा किपचोगे उभा राहिला. एकतीस किलोमीटरच्या सुमारास तो थांबला, चालू लागला, मागचे सगळे निघून जाईपर्यंत रस्त्याच्या कडेला राहिला आणि अंगावरचा बनियन, बूट, मोजे लोकांना देऊन टाकले. तोवर पुढे टोला एकटा पळत होता. न्यूयॉर्कमध्ये मुताईचा आकडा पुसणारा हाच. मूळ इथिओपियन संघात तो राखीव होता. सिसे लेम्मा दुखापतीमुळे गळला म्हणून त्याला जागा मिळाली. त्याने २:०६:२६ मध्ये शर्यत संपवली, वांजिरूच्या बीजिंगपेक्षा सहा सेकंद आधी.